खाणीच्या काठापर्यंत कायदा : प्रस्तावना

बेळगाव, खानापूर, चंदगड, संकेश्वर आणि निपाणी या मुलखात गेल्या साठ वर्षांत जी घरे उठली, जे रस्ते रुंदावले, जे बंधारे घातले गेले आणि जे कारखाने उभे राहिले, त्या साऱ्यांचा पाया इथल्याच डोंगरांतून काढलेल्या दगडावर, चिऱ्यावर आणि खनिजावर रचलेला आहे. परंतु तो दगड ज्यांनी काढला त्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी या देशात कोणते कायदे आहेत, ते कोणाला लागू होतात, त्यांची अंमलबजावणी कोणत्या खात्याकडे सोपवलेली आहे आणि त्यांत कसूर झाल्यास दाद कोठे मागावयाची, हे सुबोध मराठीत एकत्र सांगणारे साधन या भागातील माणसाच्या हाती सहसा पडत नाही. ती उणीव काही अंशी भरून निघावी, या हेतूने प्रस्तुत हस्तपुस्तिका सिद्ध करण्यात आली आहे. खाणीचा मालक, तिचा व्यवस्थापक, मेट, सुरुंगवाला, पहार हाती धरणारा मजूर आणि ज्या गावच्या शिवेत ती खाण आहे त्या गावचा पंच, या सर्वांना समोर ठेवून तिची मांडणी केलेली आहे.

नियमपालन म्हटले की आपल्याकडे प्रथम डोळ्यांपुढे येते ते दप्तर : परवाने, दाखले, नकाशे, शिक्के, वार्षिक विवरणपत्रे. हे दप्तर आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु खाणविषयक नियमांतील एकेक कलम बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की, ही कलमे कोणा कारकुनाच्या कल्पनेतून उतरलेली नसून, दरड कोसळून, पाणी फुटून, सुरुंग अवेळी उडून जी माणसे गेली, त्यांच्या मृत्यूच्या चौकशीतून ती एकामागून एक जन्माला आलेली आहेत. ती मोडणे म्हणजे आधीच एकदा प्राणांनी चुकती केलेली किंमत पुन्हा चुकती करावयास लावणे होय. म्हणून कायद्याची खरी कसोटी दप्तरात लागत नाही. ती खाणीच्या काठावर, जेथे माणूस आणि कातळ समोरासमोर येतात तेथे लागते, आणि तेथपर्यंत कायदा पोहोचावा एवढेच या पुस्तिकेचे प्रयोजन आहे.

या भूभागाची घडणच अशी आहे की खाणकाम येथे अटळ ठरावे. निपाणीच्या बाजूला दख्खनच्या काळ्या कातळाचे थरांवर थर पसरलेले आहेत. बेळगावच्या पूर्वेस, गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो त्या कलादगी श्रेणीचे वालुकाश्म आणि कठीण क्वार्टझाइट आहेत. तर पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर, लक्षावधी वर्षांच्या पावसाने मूळ खडक झिजून तयार झालेला जांभा आणि त्याच्याच पोटात बॉक्साइट आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेचा वृत्तांत 1876 साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे वैविध्य अभ्यासकांना ठाऊक आहे. मात्र दगड बदलला की धोकाही बदलतो, ही गोष्ट अभ्यासकापेक्षा मजुराला अधिक ठाऊक असावयास हवी. काळा कातळ उभ्या भेगांवर सुटतो, म्हणून तेथे दरडीचे भय. जांभा कापावयास मऊ, म्हणून तेथे खड्डा नकळत खोल जातो आणि चिरे कापणाऱ्या यंत्राचे पाते माणसाच्या पायाशी फिरत राहते. क्वार्टझाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण फार, म्हणून तेथे भोक मारताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साठत जाते.

मोठ्या खाणीचे उदाहरण पाहावयाचे तर ते या भागात बॉक्साइटचे आहे. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने 1970 च्या सुमारास बेळगावजवळ यमनापूर येथे कारखाना सुरू केला आणि पुढे तो हिंदाल्को कंपनीकडे आला. या कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या खाणी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी आणि चंदगड तालुक्यातील डोंगरमाथे अशा ठिकाणी राहिल्या आहेत. म्हणजे माती महाराष्ट्राची आणि भट्टी कर्नाटकाची, अशी ही व्यवस्था आहे. राज्यांची सीमा ओलांडली तरी खाणीतील सुरक्षेचा कायदा बदलत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत 55 व्या क्रमांकाला खाणी व तेलक्षेत्रांतील कामगारांचे नियमन आणि त्यांची सुरक्षितता हा विषय दिलेला आहे. त्यामुळे राधानगरीच्या माथ्यावरील मजूर आणि खानापूरच्या रानातील मजूर या दोघांच्या जिवाची हमी एकाच कायद्याने घेतलेली आहे. सीमाप्रश्नाने ज्या मुलखाची तीन पिढ्यांची शक्ती खर्ची पडली, त्या मुलखात ही एकच गोष्ट वादातीत आहे, हे समाधानाने नमूद करावेसे वाटते.

हा कायदा कसा आकाराला आला, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हिंदुस्थानात खाणींचा पहिला निरीक्षक म्हणून जेम्स ग्रंडी यांची नेमणूक 1894 साली झाली. पुढे 1897 साली कोलारच्या सुवर्णखाणीत 52 आणि बलुचिस्तानातील खोस्त येथे 47 माणसे दगावली, आणि मग सरकारला विलंब करणे अशक्य झाले. 1901 साली पहिला खाण कायदा मंजूर झाला; त्याच्या अंमलबजावणीसाठी 7 जानेवारी 1902 रोजी कलकत्त्यास निरीक्षणाचे कार्यालय स्थापन झाले आणि 1908 साली ते धनबादला हलले. 1923 साली कायदा नव्याने करण्यात आला आणि स्वातंत्र्यानंतर 1952 चा खाण कायदा आला. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. त्या कायद्याच्या आधारे 1955 चे खाण नियम, धातुखनिजांच्या खाणींसाठी 1961 चे विनियम आणि 1966 चे व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम झाले. धनबादच्या त्या कार्यालयाला 1967 पासून खाण सुरक्षा महासंचालनालय हे नाव आहे.

या इतिहासाशी आपल्या भागाचा एक धागा जोडलेला आहे आणि तो अभिमानाने सांगण्याजोगा आहे. 1925 साली निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले होते. निपाणीच्या त्या मंडपात ज्या वर्गाची गाऱ्हाणी मांडली गेली, त्याच वर्गातील असंख्य माणसे देशभर दगडखाणींत आणि कोळशाच्या भुयारांत राबत होती. पुढे 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर 1943 मध्ये त्यांनी झरिया-राणीगंजच्या कोळसा क्षेत्राचा दौरा केला, स्वतः खाणीच्या पोटात उतरून काम पाहिले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. आणि लगोलग 1944 च्या आरंभी कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. ज्याला कायदा करावयाचा आहे त्याने आधी खाणीत उतरावे, हा पाठ त्यांनी घालून दिला; ज्याला कायदा पाळावयाचा आहे त्यालाही तो तितकाच लागू आहे.

आता या सीमाभागातील बहुसंख्य मजुरांचा ज्या खाणींशी रोजचा संबंध येतो, त्या लहान दगडखाणींकडे, चिऱ्यांच्या खाणींकडे आणि खडी केंद्रांकडे वळू. येथे एक समज इतका रूढ झाला आहे की तो खोडून काढणे हे या पुस्तिकेचे पहिले कर्तव्य ठरते. आमची खाण लहान आहे, आम्ही सोने किंवा कोळसा काढत नाही, तेव्हा धनबादचा कायदा आम्हाला लागू नाही, असे खाणमालक निःशंकपणे सांगतात आणि मजूरही ते खरे मानतात. 1952 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मुरूम, जांभा, वाळू, इमारतीचा दगड, रस्त्याची खडी अशा काही पदार्थांच्या खाणींना सूट दिलेली होती आणि ती आजही टिकून आहे, हे खरे. परंतु उघड्या खाणीला ती सूट मिळण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : खोदकामाची खोली सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंत मोजली असता कोठेही सहा मीटरपेक्षा अधिक नसावी, कोणत्याही एका दिवशी कामावर पन्नासपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि खोदकामासाठी स्फोटकांचा उपयोग केलेला नसावा. यांतील एक अट मोडली की सूट संपली. निपाणीच्या बाजूचा काळा कातळ सुरुंगावाचून बहुधा सुटत नाही. म्हणून ज्या खाणीत वर्षाकाठी एकदा जरी सुरुंग लावला जातो, ती खाण, तीत दहाच माणसे राबत असली तरी, संपूर्ण कायद्याच्या कक्षेत येते. डोंगरउतारावरील खाणीची खोली रस्त्याच्या पातळीपासून मोजून चालत नाही, वरच्या कापापासून मोजावी लागते. आणि ज्या खाणीला सूट मिळते तिलाही वयाचे बंधन चुकत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तेथे कामाला लावता येत नाही. हा परिच्छेद वाचकांनी पुनःपुन्हा वाचावा, अशी माझी विनंती आहे, कारण या मुलखातील पुष्कळशी बेकायदा वागणूक या एका अज्ञानावर पोसली गेली आहे.

कायद्याची कक्षा कळली तरी खात्यांची वाटणी कळल्याखेरीज दाद मागता येत नाही. दगडासारखी गौण खनिजे काढण्याचा पट्टा राज्य सरकारचे खाण व भूविज्ञान खाते देते; जमिनीची कागदपत्रे तहसीलदाराच्या दप्तरात असतात; खडी केंद्राचे नियमन कर्नाटकात स्वतंत्र कायद्याने होते आणि धुळीचा बंदोबस्त राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते; स्फोटकांचे परवाने ज्या केंद्रीय संघटनेच्या अखत्यारीत येतात तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे; आणि माणसाच्या सुरक्षिततेचा जाब विचारणारे महासंचालनालय धनबादला. पट्टा मिळाला म्हणजे सर्व काही मिळाले अशी मालकाची समजूत होते, आणि तलाठ्याकडे वा पोलीस पाटलाकडे अर्ज दिला म्हणजे तक्रार झाली अशी मजुराची. खाण उघडण्याची, तसेच व्यवस्थापक नेमल्याची सूचना महासंचालनालयाला गेली आहे की नाही, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही, आणि ज्या खाणीची नोंदच निरीक्षकाच्या वहीत नाही तिथे तो तपासणीला कसा यावा?

नियम प्रत्यक्षात काय सांगतात, हे एका कड्यापाशी उभे राहून पाहू. दगडखाणीच्या कड्यावर वर हात-दोन हात तांबडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, असा क्रम या भागात सर्वत्र आढळतो. मजूर खालून कातळ काढीत जातात. कापाच्या तळाशी दगड सहज मिळतो म्हणून तो आत आत पोखरला जातो आणि वरचा मातीचा थर अधांतरी राहतो. पहिला मोठा पाऊस पडून उघडीप मिळाली की काठापासून तीन-चार फुटांवर, गवतात, दोऱ्यासारखी बारीक चीर दिसू लागते. ती चीर पाहणारा माणूस हवा. 1961 चे विनियम सांगतात की माती, मुरूम, रेती अशा सैल थरांत बाजूंचा उतार 45 अंशांहून अधिक उभा नसावा, अथवा पायऱ्या पाडाव्यात, त्या पायरीची उंची दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि रुंदी उंचीहून कमी नसावी. अनुभवी मेट सकाळी कामाला हात लागण्यापूर्वी काठावरून फिरतो, पहारेने दगड ठोकून पाहतो, बद्द आवाज आला की तो दगड सैल आहे हे जाणून आधी तो पाडवतो आणि मगच माणसे खाली सोडतो. या पाहणीला फार तर अर्धा तास लागतो. एखाद्या खाणीत मेट नेमलेला आहे की नाही आणि त्याच्याजवळ दाखला आहे की नाही, हे पाहिले म्हणजे त्या खाणीविषयी बरेचसे कळून येते.

सुरुंगाच्या बाबतीत तर हयगय क्षणात अंगावर येते. सुरुंग लावणारा माणूस दाखलेधारी असावा, स्फोटके परवान्याच्या जागेतच साठवावीत आणि काढलेल्या व परत केलेल्या तोट्यांचा हिशेब त्याच दिवशी लिहावा, सुरुंग उडण्यापूर्वी भोंगा व्हावा, वाटांवर लाल बावटा घेऊन माणसे उभी करावीत, 300 मीटरच्या परिघातील प्रत्येकजण आडोशाला गेल्याची खात्री करावी आणि जुन्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकात पुन्हा पहार किंवा ड्रिल घालू नये, कारण त्यात न उडालेली दारू असू शकते. हे नियम मोडल्यावर काय होते, याचे दाखले कर्नाटकाने एकाच वर्षी दोनदा पाहिले. 21 जानेवारी 2021 च्या रात्री शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथे खाणीसाठी आणलेल्या स्फोटकांचे वाहनच उडाले आणि त्याचा हादरा शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे बेकायदा ठेवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांची विल्हेवाट लावताना सहा जण मृत्युमुखी पडले. या दोन्ही ठिकाणी घात झाला तो साठवणुकीत आणि वाहतुकीत. म्हणजे ज्या गोष्टी वहीत लिहिल्या गेल्या पाहिजेत, नेमक्या त्याच लिहिल्या गेल्या नव्हत्या.

पाण्याचा धोका आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी चासनाला येथील कोळशाच्या खाणीत साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि 375 माणसे बुडाली. ती भुयारी खाण होती, म्हणून उघड्या खाणीला त्यापासून शिकण्यासारखे काही नाही असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै 2021 मध्ये खाणीच्या खड्ड्यात तुंबलेले पाणी बाजू फोडून गावात आणि शेतांत घुसले. सह्याद्रीच्या पावसात सोडून दिलेली प्रत्येक खाण हा एक तलाव होतो, त्याला ना सांडवा असतो ना राखणदार, आणि उन्हाळ्यात त्याच्या शेजारीच नवे खोदकाम सुरू होते. सोडलेल्या खाणीला कुंपण घालण्याची जबाबदारी मालकाची आहे. गावातील पोहावयास जाणारी मुले त्या कुंपणाअभावीच दगावतात. खनिज शुद्ध करण्याच्या कारखान्यातील तांबड्या गाळाचे तळेही याच वर्गातले. 4 ऑक्टोबर 2010 रोजी हंगेरीतील आयका येथे तशा तळ्याची भिंत फुटून 10 जण प्राणास मुकले, हे ॲल्युमिना करणाऱ्या कोणत्याही गावाने लक्षात ठेवावे.

परंतु दरड, सुरुंग आणि पाणी यांनी मिळून जेवढे बळी घेतले असतील, त्यांहून अधिक बळी धूळ घेत असावी, असे मानण्यास जागा आहे, कारण तिचा पंचनामा होत नाही. ड्रिल कोरडे चालले की जी पांढरी धूळ उडते तिच्यातील डोळ्यांना दिसणारे कण खाली बसतात आणि न दिसणारे सिलिकेचे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तेथे ते विरघळत नाहीत, त्यांच्याभोवती व्रण धरतात आणि दहा-पंधरा वर्षांनी माणसाला चार पायऱ्या चढवेनाशा होतात. या सिलिकोसिसवर उपचार नाही. गावचा डॉक्टर बहुधा त्याला क्षय समजून औषध देतो, क्षयही त्याच्या जोडीने येतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर खाणीचा उल्लेख उरत नाही. वस्तुतः हा रोग खाण कायद्याखाली अधिसूचित आहे. त्याची सूचना देणे मालकाला आणि तो ओळखणाऱ्या डॉक्टरला बंधनकारक आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी करणे हेही नियमांत आहे. उपाय साधा आहे : भोक मारताना पाणी सोडावे, खडी केंद्राच्या पट्ट्यांवर आच्छादन घालून पाण्याचा फवारा ठेवावा आणि मजुराला योग्य मुखवटा द्यावा. तोंडाला गुंडाळलेला पंचा या कणांना अडवीत नाही. बेळगावच्या ओतकाम कारखान्यांतील वाळूवर काम करणाऱ्यांनाही हीच धूळ ग्रासते, तेव्हा हे प्रकरण त्यांनीही आपले समजून वाचावे.

या साऱ्या नियमांचा पाया एका वहीत आहे आणि ती वही म्हणजे कामगारांची नोंदवही. प्रत्येक खाणीत काम करणाऱ्याचे नाव, वय, कामाचे स्वरूप आणि कामास लागल्याची तारीख तीत असावी, असे कायदा सांगतो. या भागातील अनेक खाणींवर मात्र वडार समाजातील पिढीजात दगडफोडे, उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबे आणि परप्रांतातील तरुण हे मुकादमाच्या उचलीवर येतात. मजुरी नगावर किंवा ब्रासवर ठरते. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, माणूस लिहिलेला नसतो. अशा माणसावर दरड कोसळली की तो कामगार होता हेच प्रथम सिद्ध करावे लागते. 1923 पासून या देशात कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे, पण तो नाव नसलेल्याला भरपाई देऊ शकत नाही. पाच वर्षांनी होणारी तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. नव्या माणसाला द्यावयाचे प्रशिक्षण त्याला मिळत नाही. माझ्या मते सुरक्षेचे पहिले साधन शिरस्त्राण किंवा बूट नव्हेत, नोंदवहीतील नाव हेच ते साधन; बाकीचे सर्व त्याच्या मागून येते. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली असता अपघाताची जागा निरीक्षक येईपर्यंत, बचावाच्या आणि मृतदेह काढण्याच्या कामापलीकडे, हलवू नये असा स्पष्ट नियम असताना, जी घाईघाईने साफ केली जाते ती बहुधा या न लिहिलेल्या नावांमुळेच.

दुसरी अडचण भाषेची आहे. खाणीपाशी कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि विहित भाषेत लावला पाहिजे, असे कायद्यात आहे. पण आपल्या भागात एकाच कड्याखाली कन्नड, मराठी, हिंदी आणि वडारांची बोली बोलणारी माणसे एकत्र राबतात. भोंगा कशाचा, लाल बावटा कशाचा, पळावयाचे कोठे, हे ज्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेले नाही, त्याच्यापुरता तो नियम अस्तित्वातच नाही. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या संस्थांनी इतके केले तरी फार होईल की, धोक्याच्या सूचना शक्य तितक्या भाषांत आणि चित्रांत लावाव्यात. शंभरांहून अधिक कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती आणि पाचशे वा अधिक असलेल्या खाणीत कामगारांचा स्वतःचा निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे. वीस-पंचवीस माणसांच्या खाणीला यांपैकी काहीच मिळत नाही. तेथे मजुरांनी आपण होऊन एकत्र आल्यावाचून गत्यंतर नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांनी गेल्या शतकात संघटित होऊन मजुरीचे आणि सन्मानाचे प्रश्न धसास लावले. कायदा आधीपासून होता, त्यांनी तो वखारीच्या दारात आणून उभा केला. हा आदर्श आपल्या घरचाच आहे.

शिक्षेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 1952 च्या कायद्यात, नियमभंगामुळे माणूस मेला तरी, जास्तीत जास्त दोन वर्षांचा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. एका माणसाच्या जिवाचा हा भाव कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लाज वाटावी असा होता. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि तीत मृत्यूच्या प्रसंगी दंड किमान पाच लाख रुपये ठरवला गेला, शिवाय दंडाची निदान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणेही तिने आवश्यक केले. सहा मीटर, पन्नास माणसे आणि स्फोटके यांची चौकट नव्या संहितेतही टिकून आहे. जुने नियम आणि विनियम नव्या व्यवस्थेत कसे चालू राहतात, याचा तपशील पुढील प्रकरणांत दिला आहे.

हे सर्व पाळावयाचे तर दगड महाग होईल, अशी हरकत मालक घेतात, आणि ती टाकाऊ नाही. पायऱ्या पाडून खोदावयाचे तर पट्ट्यातील काही दगड सोडावा लागतो, मेट नेमावयाचा तर पगार द्यावा लागतो, आणि नियम पाळणारा खाणमालक न पाळणाऱ्या शेजाऱ्याशी भावात टिकत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर एकट्या मालकावर सोडता येणार नाही. जी नगरपालिका, जे सार्वजनिक बांधकाम खाते, जो महामार्गाचा ठेकेदार खडी विकत घेतो, त्याने निविदेतच खाण कायद्याच्या पालनाचा दाखला मागितला, तर स्वस्त आणि बेकायदा दगडाची बाजारपेठ आपोआप आटेल. सरकारी रस्त्याखाली पडणारी खडी कोणत्या खाणीतून आली, एवढे तरी सरकारला सांगता आले पाहिजे.

पुस्तिकेच्या पहिल्या भागात कायद्याची कक्षा आणि खात्यांची माहिती आहे; दुसऱ्यात कडा, सुरुंग, यंत्रे, पाणी आणि धूळ यांचे नियम आहेत; तिसऱ्यात नोंदवह्या, अपघाताची सूचना, भरपाई आणि तक्रारीचे नमुने दिले आहेत. वाचकहो, आपल्यापैकी जे खाणमालक आहेत त्यांनी उद्या सकाळी आपली नोंदवही उघडावी आणि कड्याखाली उभ्या असलेल्या माणसांशी ती ताडून पाहावी. जे मजूर आहेत त्यांनी आपले नाव तीत आहे की नाही हे विचारावे आणि नेमणूकपत्र मागावे. जे ग्रामपंचायतीत आहेत त्यांनी आपल्या शिवेतील प्रत्येक चालू आणि सोडलेल्या खाणीची यादी करून ती महासंचालनालयाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. या तीन कामांना नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही आणि कोणाच्या परवानगीचीही वाट पाहावी लागत नाही; ती येत्या पावसाळ्यापूर्वी पुरी व्हावीत, ही कळकळीची विनंती.